गावाचा अधिकृत पांढरा

सदर इसम: पुरुष, वय साठीच्या पलीकडे, उंची पुरेशी, बांधा दोरीवर वाळत घातल्यासारखा. व्यवसाय: लाँड्री, स्वतःची. पोशाख: पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे कापडी बूट. ओळखीची खूण: उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी कायमची निळी. विशेष अधिकार: पांढऱ्या रंगाबाबत अंतिम निर्णय देणे. हा अधिकार कोणी दिला याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडत नाही. परंतु तो काढून घेतल्याचीही नोंद नसल्याने तो चालू आहे असे समजण्यास हरकत नसावी. दृष्टी: गावात सर्वांत तीक्ष्ण. (स्वतःच्या सांगण्यावरून.)

आई-बापांनी ठेवलेलं एक नाव त्यांना होतं, पण ते लाँड्रीच्या पाटीखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि पाटीकडे कोण बघतो? गाव त्यांना बगळेमामा म्हणायचं. लांब मान, काटकुळे पाय, अंगावर नखशिखान्त पांढरं, आणि टबाच्या पाण्यात एकटक बघत तासन् तास उभं राहायची सवय. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार.

दुपारी ऊन थेट दारात पडलं की मामा बाहेर येत. धुऊन वाळलेला एकेक पांढरा कपडा दोन्ही हातांनी उजेडात धरत, मान तिरकी करत आणि निकाल देत. "पास." किंवा "परत." तिसरा शब्द नाही. परत म्हटलेला कपडा पुन्हा टबात जायचा, मग त्याचा मालक समोर अंगावर टॉवेल गुंडाळून का उभा असेना.

हळूहळू लाँड्रीबाहेरचे तंटेही मामांकडे येऊ लागले. रंगाचा दुकानदार पांढऱ्याचा नवा डबा उघडला की पट्टीवर फराटा मारून घेऊन येई. फोटोग्राफर कागद दाखवायला येई. दातांचे डॉक्टर एकदा दोन कवळ्या रुमालात गुंडाळून आले होते. मामांनी दोन्ही उन्हात धरल्या, एक पास केली आणि दुसरी सवयीने भिजत टाकली.

आता नीळ म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यात स्वतःचा रुमालही धुतला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पांढरं कापड वापरून वापरून पिवळट होतं. साबणाने मळ निघतो, पिवळटपणा निघत नाही. म्हणून शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालतात. निळ्याने पिवळं मरतं आणि कापड पांढरं दिसतं. चिमूट कमी पडली तर पिवळं उरतं, जास्त झाली तर कापड निळं होतं. सगळी कला चिमटीत, आणि चिमटीचा लगाम डोळ्याच्या हातात. मामांच्या चिमटीबद्दल गावात कुणी शंका काढत नसे.

गेली काही वर्षं मात्र जग पिवळं पडत चाललं होतं. मामांनी कारणं शोधून काढली. साबणवाले लबाड झाले. नळाला गढूळ पाणी येतं. एकदा तर त्यांनी सूर्यालाच धारेवर धरलं. "ऊन जुनं झालंय," ते म्हणाले. "पूर्वीसारखं पांढरं ऊन पडतंय कुठे?" उन्हाला काही परत म्हणून टबात टाकता येत नव्हतं, म्हणून मामांनी चिमटीचा चमचा केला आणि पुढे चमच्याची वाटी.

संध्याकाळी समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांना आयाळ फुटू लागली. हा मोटारवाल्यांचा दोष. चष्म्याचा नंबर सारखा बदलू लागला. हा चष्मेवाल्याचा.

"अहो," मामी एकदा कपड्यांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाल्या, "निळे दिसताहेत हो कपडे."

"काय निळे?"

"सगळे."

मामांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तू डोळे तपासून घे."

मामी खरंच डोळे तपासून आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा नाही. हे ऐकून मामा म्हणाले, "मग त्या बाईंचे कोण तपासतं?"

गावालाही कपडे निळे दिसत होतेच. पण एका दिवसात निळे झाले असते तर बोंब झाली असती. हे वर्षानुवर्षं, इतकं बेताबेताने झालं की प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच तसं दिसत असेल. शिवाय मामांनी पास केलेलं. त्यावर बोलायचं कुणी?

पहिल्यांदा बोलला तो बँकेतला कारकून. शर्टाची घडी काउंटरवर ठेवून तो म्हणाला, "मामा, हा शर्ट माझा नाही."

"बटणं बघा. तुमचाच आहे."

"बटणं माझी आहेत. पण माझा शर्ट पिवळा होता."

"होता ना!" मामांचा चेहरा खुलला. "फार पिवळा होता. तीनदा निळीतून काढला तेव्हा कुठे गेला पिवळेपणा. एवढा पिवळा होईपर्यंत कपडा वापरू नये माणसाने."

"अहो, तो पिवळाच विकत घेतला होता मी! पिवळा रंग होता त्याचा!"

"पिवळा रंग पांढऱ्यावर का चढवायचा?" मामांनी मनापासून विचारलं.

कारकुनाने मामींकडे बघितलं. मामींनी शर्टाकडे बघितलं. तो शर्ट आता सकाळच्या स्वच्छ आभाळासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी मामींनी लाँड्रीला कुलूप लावलं, मामांचा दंड धरला आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मामींचे धाकटे भाऊही बरोबर आले. मेहुण्यांना प्रत्येक आजाराची माहिती असे, फक्त ती बरोबर नसे.

"दाजी, घाबरू नका," ते वाटेत म्हणाले. "डोळा बाहेर काढतात, बशीत ठेवतात, घासतात आणि परत बसवतात."

"तू पाहिलंयस?" मामींनी विचारलं.

"माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी पाहिलंय. त्यांचाच डोळा होता."

"बघितलं कुठल्या डोळ्याने?"

मेहुणे पुढच्या चौकापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत चालले.

डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मामांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर यंत्रातून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त."

"पुसता येईल?"

"तो वरून आलेला पडदा नाही, मामा. बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. लहानपणी काचेसारखं असतं, वय झालं की गढूळ होतं, पिवळं पडतं. पुसून जात नाही आणि कुठल्या थेंबांनी विरघळत नाही."

"धुऊन?"

"धुऊनही नाही."

"कपड्यांकडे फार रोखून बघितल्याने झालं का?"

"बघितल्याने डोळे झिजत नाहीत. उन्हात फार राहिलं, मधुमेह असला, तंबाखू ओढली, काही औषधं बरीच वर्षं घेतली तर लवकर होतो. बाकी वयाने होतो. जगलं तर व्हायचाच."

"पण पिकू द्यायला हवा ना आधी?" मेहुणे मध्येच म्हणाले.

"ते जुनं झालं. आता कामात अडथळा यायला लागला की काढायचा. फार पिकवला तर कडक होतो आणि काढणं अवघड जातं." त्या मामांकडे वळल्या. "अडथळा येतोय का कामात?"

"छे," मामा म्हणाले.

"येतोय," मामी म्हणाल्या.

"मला एक सांगा. हा माझा कोट कसा दिसतो तुम्हाला?"

मामांनी मान तिरकी केली. "पांढरा. आमच्याकडचाच आहे. किंचित पिवळसर वाटतोय खरा. पुढच्या खेपेला जरा नीट बघतो त्याच्याकडे."

डॉक्टरबाईंनी मामींकडे बघितलं. मामी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघू लागल्या आणि अगदी खालची ओळसुद्धा त्यांनी वाचून टाकली.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. आंधळं होण्याची त्यांना भीती वाटत नव्हती आणि दुखण्याचीही नाही. आयुष्यभर उकळत्या पाण्यात हात घातलेला माणूस. भीती वेगळीच होती. ज्या भिंगातून त्यांनी इतकी वर्षं पांढरं ओळखलं, तेच भिंग काढून टाकायचं म्हणतात. त्या जागी कारखान्यातलं भिंग येणार. मग दुपारी दारात उभं राहून 'पास' म्हणायचं ते कुणी? त्यांनी की कारखान्याने?

"आणि 'पास' म्हणता आलंच नाही तर?" ते अंधारात म्हणाले.

"तर दुसरं काहीतरी म्हणा," मामी म्हणाल्या. "झोपा आता."

ऑपरेशनच्या आधी डोळ्याची मापं घेतली. नवं भिंग किती नंबरचं, ते त्या मापांवरून ठरतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं?"

"हातभर अंतरावरचं. कॉलर तिथेच असते."

"लांबचं करू. चालताना पडणार नाही. कॉलर बघायला चष्मा लावा."

मामांना हे पटलं नाही, पण पुढचं ऐकून ते एकदम सावरून बसले. डॉक्टरबाई सांगत होत्या, की डोळ्याच्या कडेला अगदी बारीक छेद घेतात. त्यातून आतलं गढूळ भिंग यंत्राने फोडून ओढून घेतात. आणि नवं भिंग मऊ असतं, त्याची घडी घालून त्या छेदातून आत सरकवतात. आत गेलं की ते आपोआप उलगडतं.

"घडी?" मामांनी विचारलं. "कोण घालतं?"

"मी."

"सुरकुती पडत नाही?"

"नाही."

"इस्त्री न करता?"

"इस्त्री न करता."

मामांनी पहिल्यांदाच डॉक्टरबाईंकडे आदराने बघितलं. "मग करून टाका," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने उजव्या भुवईच्या वर पेनाने बाणाची खूण केली, चुकून डावा डोळा धरला जाऊ नये म्हणून. मामांनी तिला ती शाई कशाने निघते हे सांगितलं. मग थेंबांमागून थेंब. डोळा बधिर झाला, पण मामा पूर्ण जागे. तोंडावर एक चादर आली. तिला डोळ्यापुरतं भोक होतं. मामांनी वास घेतला. साबण आपलाच. शिवण जरा उसवलेली वाटत होती.

"ही चादर पुढच्या वेळी..." त्यांनी सुरुवात केली.

"मामा, बोलू नका. हलूही नका."

वरचे दिवे वितळून एकमेकांत मिसळले. गार पाणी वाहत असल्यासारखं वाटलं. कुठेतरी यंत्र गुणगुणत होतं. थोडं दाबल्यासारखं झालं, दुखलं नाही. रंग आले आणि गेले, गुलाबी, हिरवा, आणि मग एक निळा, इतका स्वच्छ, की मामांना वाटलं असा निळा आपण पूर्वी कधीतरी पाहिला होता, पण कुठे ते आठवेना. चादरींचा एक टब नीट भिजायला लागतो त्याच्या आतच सगळं आटोपलं. टाकाही घातला नाही.

बाहेर मेहुणे नर्सला विचारत होते, "बशी कुठे आहे?"

"चहा हवाय का?" नर्स म्हणाली.

डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवून मामांना त्याच दिवशी घरी सोडलं. सूचना मामींना दिल्या, कारण मामा ऐकताना मान डोलावत होते पण लक्ष त्यांचं पडद्याच्या कापडाकडे होतं. डोळा चोळायचा नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थेंब वेळच्या वेळी, काही आठवडे. झोपताना वाटी लावायची. टबावर वाकायचं नाही, ओले गठ्ठे उचलायचे नाहीत, साबणाच्या फेसाजवळ जायचं नाही. डोळा जरा खुपेल, पाणी येईल, त्याला घाबरायचं नाही. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं किंवा डोळ्यासमोर चमकू लागलं, तर वेळ न बघता ताबडतोब यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी वाटी काढली. मामांनी डोळा उघडला आणि समोर बघितलं.

"अरे वा!" ते म्हणाले. "कोट बदललात? निळा छान दिसतो तुम्हाला."

"हा तोच कोट आहे, मामा. तुम्हीच धुता."

मामांनी उजवा डोळा मिटला. कोट पांढरा. डावा मिटला. कोट निळा. उजवा. डावा. त्यांनी नर्सकडे बघितलं. नर्स निळी. पडदा निळा. पलंगावरची चादर अशी निळी, की तिच्यावरून होडी चालवता आली असती.

"तुम्ही मला निळं भिंग बसवलंत," मामा शांतपणे म्हणाले.

"भिंग पारदर्शक आहे."

"मग गाव निळं कसं?"

डॉक्टरबाईंनी थेंबांची बाटली मामींच्या हातात दिली.

घरी जाताना मामांनी काळा चष्मा लावला, काढला, लावला, पुन्हा काढला. हॉटेलच्या दारात वेटर उभे होते, निळे. आतले टेबलक्लॉथ निळे. शाळेचे हेडमास्तर समोरून आले, सदरा निळा, आणि हसून म्हणाले, "मामा, कसं दिसतंय?" शाळेची भिंत नुकतीच रंगवली होती, पांढरी म्हणून, तीही निळी. रंगाच्या दुकानदाराने पांढऱ्याचा डबा मामांनी पास केलेल्या टॉवेलशी जुळवून जुळवून तिथवर आणून ठेवला होता. रस्ता ओलांडायचे पट्टेसुद्धा त्याच डब्यातले.

"भिंग निळं आहे," मामा घरात शिरता शिरता ओरडले. "फसवलं मला! सगळं निळं दिसतंय! एकही वस्तू पांढरी दिसत नाही ह्या डोळ्याला!"

"बसा आधी," मामी म्हणाल्या आणि थेंब घालायला त्यांच्यावर वाकल्या.

मामांनी वर बघितलं. डोळ्यात थेंब पडला. तो पुसायची परवानगी नव्हती, म्हणून ते तसेच बघत राहिले.

"तुझे केस," ते म्हणाले.

"काय झालं केसांना?"

"पांढरे झालेत."

"कधीचेच झालेत."

"पांढरे म्हणजे..." मामांनी डावा डोळा मिटला आणि मान तिरकी केली. असा पांढरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाहिला होता तो तरुणपणी, बापाच्या हाताखाली, पहिल्यांदा चिमूट बरोबर पडली त्या दिवशी. दाराकडून उजेड येत होता आणि केसांत पिवळ्याचा अंश नव्हता, निळ्याचाही नव्हता. "ह्यांना नीळ लागलेली नाही," ते हळूच म्हणाले.

"केसांना कोण नीळ लावतं?"

"म्हणजे भिंग बरोबर आहे."

"हो."

"म्हणजे गाव..."

"हो," मामी म्हणाल्या. मग जरा थांबून, आता झालंच आहे तर होऊन जाऊ दे अशा सुरात त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही टबात वाटीभर ओतायचात आणि वळलात की मी त्यातलं निम्मं पाणी मोरीत टाकून साधं पाणी भरायचे."

मामा खुर्चीत खाली सरकले. "हे निम्मं आहे?"

"निम्मं."

पुरी वाटी पडली असती तर हेडमास्तर आज कसे दिसले असते, हे मामांनी डोळ्यासमोर आणून पाहिलं. गावात आपण पांढऱ्याचे मालक, आणि गावात पांढरं उरलंय ते एवढंच, बायकोच्या डोक्यावर. तेसुद्धा आपला हात पोचला नाही म्हणून.

वाकायची बंदी असल्याने पुढचे आठवडे टब मामींकडे होता. मामा खुर्चीत बसून चिमूट सांगत आणि उजव्या डोळ्याने तपासत. जुनी नीळ निघायला वेळ लागला, पण शेवटी पहिली खेप तयार झाली. दुपारी मामांनी दारात एकेक कपडा धरला. पांढरा. खरा पांढरा. "पास," ते म्हणाले, आणि कपडा जरा जास्तच वेळ उजेडात धरून ठेवला.

संध्याकाळपर्यंत गाव लाँड्रीसमोर जमलं.

"मामा, टेबलक्लॉथ पिवळे आले!" हॉटेलचे मॅनेजर म्हणाले.

"पांढरे आहेत."

"भिंतीशेजारी धरून बघा. पिवळे!"

"मुलांचे शर्ट शाळेच्या भिंतीपुढे मळके दिसताहेत," हेडमास्तर म्हणाले. "मी आत्ताच सगळ्यांना नखं दाखवायला लावली."

"आणि माझ्याकडे पांढऱ्याचे डबे भरलेत त्यांचं काय?" रंगाचा दुकानदार म्हणाला. "ते पांढरे नाहीत म्हणता तुम्ही?"

"ते निळे आहेत," मामा म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग मॅनेजर आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "मामा, ऑपरेशन कुणी केलं?"

त्याच आठवड्यात हॉटेलात सभा भरली. मामांनाही बोलावलं होतं, कारण विषय त्यांचा डावा डोळा हा होता. उजवा डोळा बिघडला याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. डावा अजून चांगला आहे, तो तरी वाचवावा असं सर्वांचं म्हणणं पडलं. बँकेतला कारकून तेवढा उठून म्हणाला, "माझा शर्ट..." पण त्याला खाली बसवण्यात आलं. मेहुणे म्हणाले, डोळा काढून बशीत ठेवता येतो, तेव्हा गरज असेल तेव्हाच वापरला तर? हीसुद्धा सूचना मान देऊन ऐकून घेण्यात आली.

शिष्टमंडळ डॉक्टरबाईंकडे गेलं. "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू नका," हेडमास्तर म्हणाले. "ती गावाची गोष्ट आहे."

"डोळा मामांचा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांनी ठरवायचं. घाई नाही. पण एक सांगते. ठेवलात तरी तो आहे तसा राहणार नाही. पिवळा होतच जाणार. म्हणजे नीळ वाढतच जाणार. काही वर्षांनी तुम्ही पांढरं म्हणून जांभळं घालाल."

शिष्टमंडळाने बाहेर येऊन या मुद्द्यावर विचार केला. दुकानदाराचं मत पडलं, की जांभळ्यालाही मागणी असू शकते.

मामांनी गावाचं मन राखून पाहिलं. दुपारी दारात उभं राहायचं, उजवा डोळा मिटायचा आणि डाव्याने बघून वाटीभर नीळ पास करायची. गाव खूश झालं. "आता आले मामा रुळावर," लोक म्हणाले. 'पास' हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडात होता, अधिकार शाबूत होता, आणि हेच तर त्यांना हवं होतं. पण एक डोळा स्वच्छ आणि एक गढूळ घेऊन वावरणं सोपं नसतं. चहा कपात ओतायला जावं तर तो बशीत पडे. दोरीवर चिमटा लावायला जावं तर तो हवेला लागे. पायरी कुठे संपते हे पायालाच विचारावं लागे. आणि त्याहून वाईट म्हणजे उजवा डोळा मिटून 'पास' म्हणताना आपण खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. एवढी वर्षं ते चुकले होते, पण खोटं बोलले नव्हते.

एका दुपारी कपडा हातात धरून ते नुसतेच उभे राहिले. ना पास, ना परत. गिऱ्हाइकं खोळंबली.

"काय झालं?" मामी आतून म्हणाल्या.

"दोन्ही डोळे उघडे ठेवले तर हा कपडा पास होत नाही. एक मिटला तर होतो. मी करू काय?"

मामी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी रांगेकडे बघितलं. रांगेत मॅनेजर होते, हेडमास्तर होते, दुकानदार होता.

"तुम्हाला ह्यांचा डोळा हवाय की हा रंग हवाय?" त्यांनी विचारलं.

"रंग," तिघेही म्हणाले.

"मग डोळा कशाला अडवून ठेवता? हवा तो रुमाल निवडा आणि ठेवा जपून. त्याच्याशी जुळलं की पास. जुळवायला हे आहेतच. उलट दोन डोळ्यांनी जास्त नीट जुळवतील."

मॅनेजर विचारात पडले. "पण म्हणजे मामांना निळं दिसणार आणि ते पांढरं म्हणणार?"

"तुम्ही इतकी वर्षं काय करताय?" मामी म्हणाल्या.

मामांनी हातातला कपडा खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी ते हसले, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला स्वतःच निघाले, मामींचा दंड न धरता. पायरी चुकले, पण ती शेवटची.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही सुरळीत झालं. मेहुणे या वेळी बशी घरून घेऊन गेले होते. वाचायला आणि कॉलर बघायला मामांना चष्मा लागतो, बाकी मोटारींच्या दिव्यांची आयाळ गेली. ते स्वतःचे कपडे मात्र आता नुसत्या चिमटीच्या पाण्यात धुतात, आणि लोक हळहळतात, की मामांचं हल्ली स्वतःकडे लक्ष राहिलं नाही, किती पिवळे कपडे घालतात. दुपारी काम संपलं की ते दारात खुर्ची टाकतात आणि मामींना सांगतात, "जरा इकडे उजेडात बस." मामी म्हणतात, "मला कामं आहेत." पण बसतात.

हॉटेलात लावलेली सूचना पुढीलप्रमाणे आहे. सर्व संबंधितांस कळविण्यात येते, की या गावाचा अधिकृत पांढरा रंग दर्शनी भागातील काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या रुमालाप्रमाणे मानण्यात यावा. लाँड्री, शाळा, दवाखाना, रंगविक्रेते व रस्त्यावरील पट्टे यांनी त्यानुसार कार्यवाही करावी. रुमालाची शुभ्रता सदर इसमाने दोन्ही डोळ्यांनी तपासून प्रमाणित केली असून त्यांची दृष्टी उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

रुमाल निळा आहे.